टेकण्याइतकं अंतर

मी नोकरीत नेमकं काय करते, हे आमच्या गावात फक्त माझ्या धाकट्या भावाला नीट सांगता यायचं. मी सांगायला लागले की समोरचा जांभई द्यायचा. हा मात्र देवळीच्या बाजारात वांगी विकता विकता गिऱ्हाइकांना सांगायचा, "मायी ताई प्रोटीनमंधी कोन कोनाले टेकून हाये थे पाह्यते."

"मंग पाहून काय करते?"

"लिहून ठेवते. तुम्ही वांगे घ्या."

यात चुकीचं काहीच नव्हतं. माझं काम खरंच एवढंच आहे. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब माळ. ती सरळ राहत नाही, स्वतःभोवती दुमडून एक ठरावीक आकार घेते. त्या आकारातल्या एकेका अणूची जागा दुसऱ्या कुणीतरी मोजलेली असते, त्याची फाइल मला मिळते. मग माझा प्रोग्राम जोड्या लावत जातो आणि दोन अमिनो आम्लांमधलं अंतर काढतो. अंतर ठरलेल्या मर्यादेच्या आत असलं की 'स्पर्श' अशी नोंद होते, बाहेर असलं की होत नाही. माळेत शेजारी शेजारी ओवलेल्यांना मात्र आम्ही सोडून देतो. ते जवळ असणारच, त्यात शोधायचं काय!

भावाला हे कळलं ते वावरात. आम्ही दोघं ठिबकची नळी गुंडाळत होतो. मी त्याला म्हटलं, बघ, हे भोक आणि हे भोक, नळी पसरली तर वावराच्या दोन टोकांना. गुंडाळल्यावर एकमेकांना टेकली की नाही? मी अशा जोड्या शोधते. तो नळी हातात धरून थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे गुंता पाह्याचा पगार भेटते तुले." या वाक्यावर तो कित्येक महिने खूश होता.

त्याच्या रक्तात सिकलसेल होता. आमच्याकडे या आजाराचं कुणाला नवल नाही, कुणाच्या ना कुणाच्या घरी तो असतोच. आईकडे अर्धा, बाबांकडे अर्धा, त्याच्या वाट्याला दोन्ही अर्धे आले. माझ्या वाट्याला काहीच नाही. असं का, ते मला विचारू नका. माझंच खूप जणांना विचारून झालं आहे.

थंडीत त्याला दुखणं यायचं. वावरात पिकाला पाणी ओलायला गेला, पाय भिजले, वारं लागलं, की संध्याकाळपर्यंत मांड्या आणि नडग्या धरायच्या. गोळ्या होत्या, भरपूर पाणी प्यायचं होतं, फार झालं तर सेवाग्रामला भरती व्हायचं होतं. आणि सल्ला द्यायला नातेवाईक होतेच. कुणी बीट खायला सांगायचं, कुणी नजर उतरवायला. एका काकूंनी तर त्याचं लग्न करून द्यायला सांगितलं होतं. मी अशा वेळी आत निघून जायची, नाहीतर तोंडातून काहीबाही निघालं असतं.

आमच्या घरात माया बोलून दाखवायची रीत नाही. आमच्याकडे पाय दाबून देतात. बाबा वावरातून आले की आई त्यांचे पाय दाबायची. मी परीक्षेहून आले की माझे दाबायची. पास झाले तरी आणि नापास झाले तरी, तेवढ्याच जोरानं. तिच्या अंगठ्यात असा काही जोर आहे की पोटरीतला सगळा शीण निघून जातो. आणि नेमके ज्याचे पाय सगळ्यात जास्त दुखायचे, त्याला ती हात लावू शकत नव्हती. दुखण्यात त्याला चादरसुद्धा सहन व्हायची नाही. लहान असताना तिनं एकदा सवयीनं त्याची पोटरी धरली, तेव्हा तो असा ओरडला होता की शेजारचे धावत आले.

तेव्हापासून ती नुसती जवळ बसायची. त्याच्या पायांवर तळहात धरायची, पण टेकवायची नाही. मध्ये बोटभर जागा. हात भरून आला की दुसरा हात धरायची. मला ते बघवत नसे. मी म्हणायची, आई, यानं काय होणार आहे? ती म्हणायची, "ऊब तं लागत असंल ना त्याले."

लॉकडाउनमध्ये मी घरून काम करायला लागले आणि नंतर साहेबांनी तसंच चालू ठेवू दिलं. त्या काळात आमच्या गटाकडे सिकलसेलच्याच हिमोग्लोबिनचं काम आलं. मी मागून घेतलं नव्हतं. आलं तेव्हा कुणाला सांगितलंही नाही, पण एका दुपारी भाऊ मागे येऊन उभा राहिला आणि पडद्यावरचं चित्र बघून म्हणाला, "हे माहंच हाये ना?"

मी त्याला दाखवलं. माळेत सहाव्या जागेवर एक अमिनो आम्ल बदललेलं आहे. मूळचं पाण्यात रमणारं होतं, त्याच्या जागी पाण्यापासून लपणारं आलं. एकच रेणू घेऊन बघितलं तर काही बिघडल्यासारखं दिसतच नाही, कारण ते बाहेरच्या अंगाला असतं आणि कुणालाच टेकत नाही. पण रक्तातला प्राणवायू उतरला की शेजारच्या रेणूवर एक खाच उघडते, आणि हे जाऊन तिच्यात बसतं. मग त्याला तिसरा चिकटतो, चौथा चिकटतो, लांब दोऱ्या होतात, रक्ताच्या पेशी ताठ होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात.

"आन् मंग मी बोंबलतो," तो म्हणाला.

"हो."

त्यानं खुर्ची ओढली. "हा तं आपल्या मामासारखा हाये. कुठीबी जागा भेटली का टेकला." आम्ही दोघं हसलो. मग तो म्हणाला, "काढून टाक ना त्याले तिथून."

मी त्याला खोटं सांगितलं नाही. मी म्हटलं, मी फक्त कोण कुणाला टेकलंय ते सांगते. तो स्पर्श सोडवणारं औषध शोधणारे लोक वेगळे आहेत. नवे उपचार निघालेत, पण ते अजून आपल्या दारापर्यंत आलेले नाहीत. येतील.

"लवकर आन म्हना," तो म्हणाला. चेष्टेतच म्हणाला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मग त्यानं ती मर्यादा विचारली. किती जवळ आलं की टेकलं म्हणायचं? मी म्हटलं, चार अँगस्ट्रॉम. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातले चार. त्याला ते पटेना. "म्हंजे मंधात जागा राह्यतेच?"

"राहतेच. अणू काही एकमेकांना चिकटून बसत नाहीत. थोडी जागा असतेच. तरी त्याला आम्ही स्पर्शच म्हणतो."

"आन् हे चार कोनं ठरवलं?"

"आम्हीच. कुणी साडेचार घेतं, कुणी पाच."

आई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती, तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तं मंग आईचा हात लागतेच मले. तिले सांगजो."

मी तिला सांगितलं. तिला अँगस्ट्रॉम वगैरे काही कळलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "थो म्हने असं?" मी हो म्हटलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा जुड्या बांधायला लागली. पण त्यानंतर तिला वाटायला लागलं की मी त्याचंच औषध शोधते आहे. मी किती वेळा सांगितलं, नाही गं, मी नाही. ती मान हलवायची आणि माझ्या टेबलावर चहा ठेवून दार हळूच लोटून घ्यायची, आवाज नको म्हणून. त्या लोटलेल्या दाराआड बसून काम करताना मला रडू यायचं. मी त्याच्यासाठी काहीतरी करतेय असं तिला वाटत होतं, आणि ते मलाही वाटावं असं मला फार वाटत होतं.

या हिवाळ्यात त्याला छातीत दुखायला लागलं. पायात नाही, छातीत. लगेच सेवाग्रामला नेलं. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, रक्त दिलं, ऑक्सिजन लावला. त्या नळीकडे बघत मी मनातल्या मनात म्हणत होते, प्राणवायू राहू दे, खाच उघडू नको देऊ. देवाला कधी काही मागितलं नव्हतं मी. मागितलं तेही असलं, त्यालाही कळलं नसेल. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. मास्क काढून शेवटचं बोलला ते आईशी, "वांगे तोडून घेजा."

घरी आणलं तेव्हा अंगण भरलेलं होतं. बाहेर तिरडी बांधत होते. आई अजून रडली नव्हती. ती त्याच्या पायांशी जाऊन बसली आणि तिनं हात पुढे केला. सवयीनं तो हात बोटभर वर थांबला. मी बघत होते. मग तिनं तो खाली टेकवला. गुडघ्याच्या खाली पोटरी धरली आणि अंगठ्यानं दाबायला लागली. अंगातला सगळा जोर लावून, अगदी माझे पाय दाबते तसे.

आत्या म्हणाली, "वहिनी, उठा आता. आंघोळ घालाची हाये त्याले."

"थांबा जराशा," आई म्हणाली. "आता नाई दुखत त्याले."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. एक पाय घोट्यापर्यंत झाल्यावर तिनं तो नीट खाली ठेवला आणि दुसरा मांडीवर घेतला.