टाकी सफाईची तिरकी अक्षरं

वागळे इस्टेटमधल्या फ्लेक्सच्या दुकानात मी डिझाइन करायचे, तेव्हा एक फॉन्ट हाती लागला. जाड, अरुंद, पुढे झुकलेला, अक्षरं जणू पळत सुटलेली. अंडरआर्म क्रिकेटचे सगळे बॅनर मी त्यातच केले आणि दरवेळी मलाच गुदगुल्या झाल्या.

मग डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीची नोटीस माझ्याकडे आली. तीही मी त्याच फॉन्टमध्ये, लाल-पिवळी छापून जिन्याखाली लावली: ‘रविवारी सकाळी आठला टाकी सफाई’.

रविवारी खाली उतरले तर निम्मी बिल्डिंग बूट घालून हजर. दिवस आणि वेळ तेवढी वाचलेली; बाकी अक्षरांचा तोरा बघून सगळ्यांनी गृहीत धरलेलं की मॅचेस आहेत.

सेक्रेटरी वैतागले. “अहो, टाकी धुवायचीय, टाकी.”

तळमजल्यावरचे पेन्शनर काका बॅट काखेत मारून म्हणाले, “मग टीम पाडा. ए विंगची टाकी आधी होते की बी विंगची, बघूच.”

आम्ही बी विंगवाले हरलो, पण भिजून, ओरडून, हसून पोट दुखलं.

पुढच्या वर्षी सेक्रेटरींच्या हट्टापायी मी नोटीस साध्या, सरळ अक्षरांत लावली. टाकी धुवायला आम्ही दोघंच होतो.