पंख्याला गूळ

मी गुळाचा चहा पीत नाही. नातेवाइकांना वाटतं, म्हाताऱ्याला शुगर झाली. वाटू द्या. खरं सांगत बसलं तर त्यांचाच चहा थंड होईल.

ऐंशीनंतरच्या दहा-बारा वर्षांतली गोष्ट. जळगावात स्लिपरांचा एक कारखाना होता. मी फाटकापाशी ट्रकमध्ये माल चढवायचो आणि माझी बायको आतल्या खोलीत बाकीच्या बायांबरोबर स्लिपरच्या तळाचे दोन थर सोलुशन लावून चिकटवायची. सोलुशन घट्ट झालं की त्यात पिंपातलं बेंझिन ओतायचं. दिसायला पाणी, वास गोड. पिंपावर कवटी आणि दोन हाडं काढलेली होती. शेठ भला माणूस. बाया घाबरतील म्हणून त्याने त्या कवटीवर बारदान पांघरलं. बायांची काळजी इथून सुरू झाली.

दुसरी काळजी गुळाची. रोज दुपारी आतल्या खोलीतल्या प्रत्येक बाईला गुळाचा खडा आणि दोन केळी मिळत. पोटात गेलेला वास गूळ बाहेर काढतो, असं शेठ म्हणायचा. त्याच्या बापाच्या जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीवर गूळ देत, तोच इलाज इथेही चालला. गावाला केळी तर फुकटातच पडत. आम्हीही खूश. दुसऱ्या कारखान्यात तर नुसताच वास मिळायचा.

हातावरचं सोलुशन साबणाने निघत नसे, म्हणून सुट्टी झाली की बाया बेंझिननेच हात धुवायच्या. बऱ्याच जणी आधी केळीच्या बागांत कामाला गेलेल्या. केळीचा चीक लुगड्याला लागला की लुगडं फाटेल पण डाग जाणार नाही, हे आमच्याकडे पोराला पण माहीत. त्यांनी बेंझिन त्या डागांवर घासून पाहिलं. शेठ दिलदार, म्हणाला, न्या वाटीभर. डाग तिथेच राहिला. लुगड्याला मात्र गोड वास लागला, आणि ते लुगडं नेसून बाया स्वयंपाकाला बसू लागल्या.

एकदा तपासणीला सरकारी साहेब आले. ऑफिसात केळी खाल्ली, मग आत डोकावले. उन्हाळा होता. बाहेरची झळ नको म्हणून खिडक्या बंद. साहेब म्हणाले, "वास काही वाईट नाही हो!"

माझी बायको धुळ्याच्या देवपूरची. बोलायला कोणाच्या बापाला भ्यायची नाही. ती म्हणाली, "साहेब, बसा ना मग. पाट देस तुमले. जेवणनी सुट्टी होईपर्यंत बसा, गूळबी भेटी."

बाया पदरात तोंड घालून हसल्या. साहेब बसले नाहीत. त्यांचं डोकं धरलं होतं. जाताना मात्र लिहून गेले, भिंतीत हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा बसवा.

पंखा आला. काय त्याचा थाट! नारळ फुटला, पात्यांवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पेढे वाटले. बटण शेठने स्वतः दाबलं. पंखा असा फिरला की बायांचे पदर भिंतीकडे ओढले गेले. बायको संध्याकाळी घरी आली तेव्हा, किती दिवसांनी, म्हणाली, "आज डोकं नही दुखनं."

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने बटण बंद केलं. पंख्यामुळे सोलुशन डब्यातच वाळतं, बेंझिन जास्त लागतं, शेठ ओरडतो. म्हणजे वास बाहेर गेला तर शेठचं नुकसान, आणि बायांच्या छातीत राहिला तर बचत. हिने बटण दाबायचं, त्याने बंद करायचं, असं आठवडाभर चाललं. शेवटी त्याने वायरच काढली.

ती म्हणाली, "तो पंखा नवरदेवना मायक कुंकू लाईसन नुसता बठेल शे. काम ना धाम."

मी म्हणालो, "नवरदेवासारखा? माझ्यावर बोलतेस का पंख्यावर?"

"तू निदान ट्रक तरी भरस."

पुढच्या वर्षी तिच्या हातापायांवर काळेनिळे डाग उठू लागले. कुठे आपटली नाही, कोणी मारली नाही. शेजारणी माझ्याकडे संशयाने बघायच्या. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. जिना चढली की धाप लागायची. मी सुपरवायझरकडे गेलो. म्हणालो, "भाऊ, तिला त्या खोलीतून काढ. पॅकिंगला टाक. मजुरी कमी दे."

तो म्हणाला, "आबा, तिच्या हातच्या तळात हवेचा फुगा राहत नाही. बाकीच्यांचे तळ महिन्यात सुटतात. तिला काढून चालेल का?" आणि शेठला सांगून तिचा गूळ दुप्पट केला.

चांगलं काम करू नये, एवढं मी तेव्हा शिकलो.

तिचा भाऊ तिला धुळ्याला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला, मी सोबत होतो. रक्त तपासलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, काम काय करता. आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, पिंपही सांगितलं. ते म्हणाले, "हाडांच्या आत रक्त तयार होतं, ते काम बंद पडत चाललंय. हा वास श्वासाने जातो, कातडीतूनही जातो. त्याने हात धुवायचे नसतात. तिथे हवा खेळती पाहिजे. खरं तर हे सोलुशनच बदलायला पाहिजे."

मी विचारलं, "आणि गूळ?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "गूळ चहात टाका."

मी शेठपुढे जाऊन हेच बोललो. त्याने तिला लगेच पॅकिंगला टाकलं. पॅकिंगची खोली म्हणजे तीच खोली, मधे पुरुषभर उंचीचा पत्रा. वास पत्र्यावरून यायचा, त्याला कोण अडवणार?

ती पोळ्याच्या आधी गेली. शेवटी तिच्या अंगात दुसऱ्यांचंच रक्त जास्त होतं. सिव्हिलच्या खाटेवर मला म्हणाली, "त्या बायास्ले सांग, पंखा लावा म्हणा." माझ्या जेवणाचं, घराचं काही नाही. पंख्याचं बोलली.

तेराव्याला शेठने माणूस पाठवला. हातात गुळाची आख्खी ढेप, वर हळदकुंकू. म्हणे, शेठला फार वाईट वाटलं.

मी ढेप खांद्यावर घेतली. माल चढवायची सवय होतीच. सरळ कारखान्यात गेलो, आतल्या खोलीत, आणि ढेप त्या पंख्याखाली ठेवली. सुपरवायझर धावत आला. "आबा, हे काय?"

मी म्हणालो, "हा गूळ याला चार. बिचाऱ्याला ताकद नाही, फिरत नाही. माझ्या घरात आता गूळ खाणारं कोणी राहिलं नाही."

बाया हसल्या नाहीत. मग म्हणालो, तिने निरोप दिलाय, पंखा लावा. त्यातली सगळ्यात म्हातारी अक्का उठली, सोलुशनचा कुंचा डब्यात टाकला आणि दाराबाहेर लिंबाखाली जाऊन बसली. मग दुसरी. मग खोलीच रिकामी झाली. सुपरवायझर एकदा ढेपेकडे बघे, एकदा लिंबाकडे. शेवटी वायरमनला हाक मारली.

पात्यांवरचं कुंकू तसंच होतं. पंखा फिरला, बाया आत गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत तो कोणी बंद केला नाही. मी फाटकापाशी बसून आवाज ऐकत होतो. दुसऱ्या दिवसाचं मला ठाऊक नाही. मी परत कामाला गेलो नाही.