शमीमआपांचा एकच प्रश्न

रेश्माचा फोन आला तेव्हा मी स्टँडवर शमीमआपांवर चिडून उभी होते. सांगलीला आरोग्य खात्याच्या साहेबांना भेटायला दोघींनी जायचं ठरलं होतं, आणि त्यांचा पत्ता नव्हता. "बाई, अम्मी सकाळी उठल्याच न्हाईत," एवढंच रेश्मा, त्यांची सून, बोलू शकली. महिना उलटला, माझा राग काही गेलेला नाही. फक्त त्याचा रोख बदलला आहे.

आपांचं कवठे महांकाळच्या पेठेत बांगड्यांचं दुकान. मी शेजारीण, इथल्याच शाळेत शिकवणारी. गावात मूल झालं की आपा बाळंतिणीला बांगड्या भरायला घरी जायच्या. त्यांचा स्वतःचा नातू जन्मल्यावर पिवळा पडू लागला, तेव्हा त्यांनीच कावीळ उतरवणाऱ्याकडून झाडाच्या मुळ्यांची माळ आणली. ही माळ आधी डोक्यावर बसते, मग गाठी सैल होऊन लांबत गळ्यात येते. माळ उतरली की कावीळ उतरली, असं आमच्याकडं सगळेच मानतात. माळ बाळाच्या पोटापर्यंत आली, घरात साखर वाटली... आणि बाळाची शी खडूसारखी पांढरी होती, तिकडं कुणाचं लक्षच नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, यकृतातून येणारी पित्ताची नळी बंद आहे, म्हणून शी पांढरी; ऑपरेशन पहिल्या दोन महिन्यांत व्हायला हवं होतं. नातू वर्षाच्या आत गेला.

त्यानंतर आपा बाळंतिणीचा हात धरायच्या, बांगडी पंजावर अर्धी अडकवून ठेवायच्या आणि विचारायच्या, "शी कसल्या रंगाची हाय?" पोरी लाजायच्या, सासवा फणकारायच्या. एकीनं तर सुनावलंच, "आवं, बांगड्या भरायला आलाय का घाण काढायला?" आपा तिला पुरून उरल्या. "हात माझ्या हातात हाय तवर सांग, पोरी. मग जाते मी." उत्तर "पांढरी" आलं की बांगड्या तिथंच टाकून बाळासकट पुण्याची एसटी. काही लेकरं वाचली. काही नाही वाचली, कारण पुणं लांब, नवरा पलटणीत, तो रजेवर आल्याशिवाय सासरा सोडत नाही, आणि दर तपासणीला जाणार कोण? म्हणून आपांची एकच मागणी होती, लेकरांच्या पोटाचे, यकृताचे डॉक्टर महिन्यातून एकदा तरी आपल्याकडं बसावेत. प्रत्येक साहेब चहा पाजायचा, "बघतो, आपा" म्हणायचा आणि बदली होऊन जायचा.

शोकसभेला मात्र झाडून सगळे आले. "आपांचं स्वप्न पूर्ण करू," एक पुढारी म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कसलं स्वप्न? एक खोली, एक टेबल आणि एक डॉक्टर मागत होत्या त्या. आणि जिवंतपणी मागत होत्या!

परवा दुकानात बसले होते, तर आटपाडीकडची एक पोरगी तान्हं घेऊन दारात आली. तान्ह्याच्या गळ्यात माळ. "आपा हायती का?" स्वतःचं बाळ गेल्यापासून रेश्मा गिऱ्हाइकाशी कामापुरतंही बोलत नव्हती. ती उठली, तिनं स्वतःच बाळाचा लंगोट सोडून बघितलं आणि दुकानाचं शटर ओढलं. आम्ही तिघी स्टँडकडं निघालो. पोरगी घाबरली होती. "पुन्यापतोर कशाला, बाई? हितं जवळ कुनीच न्हाई व्हय?"

रेश्मा म्हणाली, "न्हाई. चल बिगीबिगी."