वैनी बसल्या

कोंबड्या पाळणाऱ्या घरात किस्से शोधावे लागत नाहीत. अंड्यासारखेच ते रोज कुठं ना कुठं सापडतात, कधी चुलीमागं, कधी कडब्यात, कधी आपण बसतो त्या पोत्याखाली! धाड गावात आमच्या गल्लीत चार-पाच घरं गावरान कोंबड्या ठेवतात. संध्याकाळी ओट्यावर बसलं की एक जण सुरू करतो, दुसरा त्याला दुरुस्त करतो. मी बोलतो कमी, ऐकतो जास्त. म्हणून माझ्याकडं जरा जास्त साठलेत.

*

जावई पहिल्यांदा मुक्कामाला आले होते. कोंबडी कापायला मी शेजारच्या रशीदभाईंना बोलावलं. गल्लीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या तेच कापून देतात. ते सुरी घेऊन अंगणात उभे राहिले.

"ही कापू?"

"नका हो, ते अंड्यावर हाय," आमची शांता म्हणाली.

"मंग ही?"

"तिचे पिल्लं लहान हायेत."

"हा कोंबडा?"

"त्याच्याबिगर यायले सकाळी जागच येत नाही!"

रशीदभाईंनी सुरी फडक्यात गुंडाळली. "मंग वैनी, जावयाले कापू काय?"

त्या दिवशी जावयांनी पिठलं खाल्लं. दोनदा मागून घेतलं, हे त्यांचं मोठेपण.

*

रशीदभाईंचा एक नियम आहे. कापायच्या आधी ते कोंबडीला पाणी पाजतात आणि सुरी पाठीमागं धरतात, तिला दिसू देत नाहीत. एकदा एक कोंबडी पीतच राहिली. चोच बुडवायची, मान वर करायची, पुन्हा बुडवायची. पिसं काढायला चुलीवर पाणी ठेवलं होतं, ते उकळून उकळून अर्धं झालं. पाहुणे ताटं मांडून बसले होते.

मी हळूच म्हटलं, "भाई, आटपा ना."

"पिऊ द्या, भाऊ. घाई आपल्याले हाय, तिले नाही."

मी चुलीवर दुसरं पातेलं चढवलं.

*

आता कौसावैनींचं सांगतो. त्या समोरच्या घरात एकट्या राहतात. मुलगा गजू, जळगाव जामोदला त्याचं टायरचं दुकान आहे. तो दरवर्षी म्हणायचा, "माय, इथं एकटी काऊन राहतं? चाल माह्याकडं." आणि वैनींचं उत्तर ठरलेलं, "कोंबड्यायकडं कोण पाहीन रे?"

यंदा मानमोडी आली. आठ दिवसांत वैनींच्या चौदा कोंबड्या माना टाकून गेल्या. एक तांबडी तेवढी राहिली. गजूचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो.

"आता तं कोंबड्या नाहीत ना? महिन्याभरानं जीप घेऊन येतो. बोचकं बांधून ठेव."

वैनी "बरं," म्हणाल्या आणि रिकाम्या खुराड्याला चुना मारत बसल्या.

आणि दहाव्या दिवशी तांबडी खुडूक झाली! अंग फुगवून डालग्यात बसली ती उठेना. म्हणजे अंडी उबवायला तयार. पण वैनींच्या दारात कोंबडा उरला नव्हता. अंडी आणायची कुठून?

*

गल्लीनं दिली. ज्याची त्यानं खूण केली. आमच्या दोन अंड्यांना शांतानं कुंकवाचं बोट लावलं, रशीदभाईंच्या घरून कोळशाची रेघ ओढलेली तीन आली. बाजूच्या घरातली नवी सून शहरातली. ती दुकानातून पांढरीशुभ्र चार घेऊन आली.

वैनींनी तिला प्रेमानं जवळ बसवलं. "बाई, हे बॉयलरवाल्यायचे अंडे. यायच्यातून पिल्लू नाही निघत. यायले बाप नाही."

सून घाबरली. "मग काकू, दुकानदाराला विचारून येऊ का?"

*

सातव्या दिवशी दार लावून, अंधार करून वैनींनी मोबाईलच्या उजेडात एकेक अंडं पाहिलं. जिवंत अंड्यात लाल शिरा दिसतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. आम्ही सगळे दवाखान्यात बसल्यासारखे रांगेत बसलो होतो. "माहं कसं हाय?" "माह्यात हाललं का?"

माझी दोन्ही रिकामी निघाली. मला वाईट वाटलं.

"असं कसं झालं, भाऊजी? तुमच्या कोंबडीचे तं चांगले ऱ्हायतात."

शांतानं लगेच सांगून टाकलं, "वैनी, यायनं ते साबनानं धुतले! तुमाले द्याचे म्हणून!"

धुतलेलं अंडं उबत नाही, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. अंधारात कोण किती हसलं ते दिसलं नाही, हे बरं झालं. बाहेर आल्यावर वैनी माझ्या जवळ येऊन म्हणाल्या, "आजलोक माह्यासाठी कोनी अंडं धुतलं नवतं, भाऊजी."

चांगली नऊ उरली. वैनींनी बोटांवर दिवस मोजले. पिल्लं निघायची आणि गजूची जीप यायची, दोन दिवसांचाच फरक. जीप आधी.

*

एकोणिसावा दिवस. सकाळी तांबडी दाणे टिपायला अंगणात उतरली आणि मुंगसानं तिला उचललं. आम्ही काठ्या घेऊन धावलो. पिसं सापडली.

रशीदभाई म्हणाले, "खोक्यात बल्ब लावा, लवकर!" लाईन पहाटेपासून गेलेली. गल्लीत दुसरी एकही कोंबडी खुडूक नव्हती. आम्ही दारात नुसते उभे.

नऊच्या नऊ अंडी जुन्या लुगड्यात गुंडाळून वैनींनी पोटाशी घेतली, वरून गोधडी ओढली आणि भिंतीला टेकून बसल्या.

दहाच्या सुमाराला जीप आली. गजू आत आला. "माय, चाल. बोचकं कुठं हाय?"

"कुठं येऊ? मी बसली हाय."

"बसली मंजे? ऊठ ना मंग."

"उठता येत नाही."

त्याला वाटलं, पाय गेले. तो घाबरून खाली बसला. वैनींनी गोधडीचा कोपरा जरासा उचलला आणि एक अंडं त्याच्या कानाशी धरलं. आतून टकटक येत होती. दारातून आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. गजूचं तोंड मात्र दिसत होतं.

"किती दिवस राह्यले?"

"दोन."

तो उठला. बाहेर जाऊन ड्रायव्हरला म्हणाला, "तू जाय बे." मग रांजणावर हात धुतले, पुसले, एकमेकांवर चोळून गरम केले आणि आईजवळ येऊन मांडी घातली.

"सरक. तू दोन घास खाऊन घे, तवर मी बसतो."

वैनींनी एकेक अंडं त्याच्या मांडीत दिलं, गोधडी नीट खोचली आणि उठता उठता म्हणाल्या, "हालू नको बरं. अन् तो मोबाईल बंद कर!"