मोटेचं रोगण

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाय. पण आता माझे दात पडले, आता कुणाची भीती धरू? कोंडिबा. कोंडिबा डायवर. तुळजापुरात जुन्या माणसांना विचारा, सांगतील. सोसायटीच्या पांढऱ्या अंबासिडरवर होते. गाडी कुणीतरी वापरून टाकलेली, सोसायटीनं घेतली तवाच म्हातारी होती. पण आमच्या ह्यांचा तिच्यावर लई जीव. म्या तापानं फणफणले तर कपाळाला हात लावायचं ध्यानात यायचं न्हाय, आन गाडीच्या बोनेटवर हात ठेवून म्हणायचे, "आज लई तापलीय गं." म्या म्हणायची, "तिलाच आणा की उंबरठा ओलांडून, माप म्या ठेवते."

बाहत्तर साल उजाडलं आन हसणं बंद झालं. हिरी आटल्या, गुरं छावणीत गेली, माणसं खडी फोडायला लागली. म्याबी गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या कामावर जायची. मोठी मुक्ता पाच वर्षांची होती, दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पोट घेऊनच पाट्या उचलायची. एकटी म्या न्हाय, समद्याच उचलायच्या.

त्याच साली गाडीचं स्टेरिंग गळायला लागलं. दुष्काळात तेरावा म्हैना! पुढच्या चाकांच्या मधी एक आडवी नळी असती, तिला रॅक म्हणत्यात. तिच्या जोरावर चाकं वळत्यात. तिच्यात तेल असतंय आन दोन्ही टोकांना घडीघडीचे रबराचे बूट. ते बूट चिरले होते. रोज सकाळी गाडीखाली काळा डाग. हे सोसायटीच्या चेअरमनला, आण्णासाहेबांना सांगायचे, "साहेब, सोलापूरहून बूट आणाय पायजेत." आण्णासाहेब माणूस वाईट न्हवता. पण त्या साली समद्या गोष्टींना एकच उत्तर होतं. "पाऊस पडू दे कोंडिबा, मग बघू." पोरीचं लगीन, पाऊस पडू दे. देवळाचा पत्रा, पाऊस पडू दे. आता रबराच्या बुटाला पाऊस कशाला लागतो, मला सांगा!

मग ह्यांच्या डोक्यात बापाची आठवण आली. माझे सासरे मोट हाकायचे. मोटंचं कातडं चिरू नये म्हणून त्याला रोगण पाजायचे. करडीचं तेल मंद आगीवर कढवून कढवून काकवीगत दाट करायचं, ते रोगण. ते एकदा कातड्यात मुरलं की थेंब गळायचा न्हाय. मोट गेली, इंजन आलं, पण रोगणाचं मडकं आमच्या माळ्यावर तोंड बांधून तसंच होतं. ह्यांनी ते खाली काढलं. बुटांच्या चिरांना बाहेरनं चोपडलं आन नळीतबी तेच भरलं. "दाट हाय, गळणारच न्हाय," म्हणाले.

आन खरंच गळायचं थांबलं! सकाळी गाडीखालची जमीन कोरडी ठाक. आण्णासाहेबांनी चारचौघांत पाठीवर थाप मारली. ह्यांनी घरी येऊन मला सांगितलं, मुक्ताला सांगितलं, दारातल्या कुत्र्यालाबी सांगितलं असंल. "आमच्या आबाचं रोगण हाय ते!" असं त्यांचं तोंड उजळलेलं म्या लगीन झाल्यापास्नं बघितलं न्हवतं.

पण मोटेवर रोज पाणी चढतंय, तिचं रोगण नरमच राहतंय. हितं पाणी कुठलं? वरनं ऊन, खालनं धूळ, आन चिरेतनं वारा. रोगणाला वारा लागला की ते वाळतंय, लाखेगत घट्ट होतंय. थोड्याच दिवसांत ह्यांचे खांदे दुखायला लागले. रात्री म्हणायचे, "सारजा, जरा तेल लावून दे." म्या इचारलं, काय झालं? तर म्हणाले, "काय न्हाय." स्टेरिंग जड झालंय हे त्यांनी कुणाला सांगितलं न्हाय. आण्णासाहेबांनी मारलेली थाप अजून पाठीवर होती ना!

चैत्र संपत आला होता. त्या दिवशी आण्णासाहेब तलावाचं काम बघायला आले, गाडी घेऊन हेच आले होते. दुपारी माझ्या पोटात कळ आली आन म्या पाटीसकट खाली बसले. शेजारची सिताबाई धावत आली. तिनं चार बाळंतपणं केलेली, पोटाला हात लावला आन तिचं तोंड पडलं. "हे हितं व्हायचं न्हाय. मोठ्या दवाखान्यात न्या." आण्णासाहेब लगेच म्हणाले, "कोंडिबा, गाडी काढ. सोलापूर गाठ."

आन हे जागचे हलंनात. चावी हातात, पाय जमिनीत रोवलेले. बायका ओरडायला लागल्या, "आरं माणूस हायस का दगूड?" मला वाटलं, आता मेलेच म्या. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कुठं ठावं? घाट उतरायचा होता, आन स्टेरिंग कसं झालंय ते एकट्या त्यांनाच ठावं होतं. मग एकदम त्यांनी मला उचललं आन गाडीत घातलं. सिताबाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसली.

घाटात दुसऱ्या वळणावर चाक वळलं आन परत सरळ व्हईना. हे दोन्ही हातांनी वढतायत, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. समोर कठडा. ब्रेक दाबला, हातब्रेक वढला, गाडी कठड्याला नाक लावून थांबली. सिताबाईनं शिव्यांची लाखोली वाहिली. म्याबी घातल्या, खोटं कशाला बोलू? त्या कळांत तोंडाला येईल ते बोलले. "तुमी मला मारायलाच आणलं का हितं?" हे खाली उतरले आन गाडीखाली शिरले.

तेवढ्यात खालनं छावणीचा कडबा घेऊन एक बैलगाडी आली. गाडीच्या खाली कंदील टांगलेला. ह्यांनी गाडीवानाचे पाय धरले. त्याचा विळा घेऊन बूट फाडले, कंदिलातलं रॉकेल नळीत वतलं आन स्टेरिंग डावीकडं-उजवीकडं, डावीकडं-उजवीकडं. वाळलेलं रोगण रॉकेलनं सुटायला लागलं. त्यांच्या तळहाताची सालटी निघाली होती. स्टेरिंग हळूहळू हाललं आन गाडी निघाली. तामलवाडी मागं पडली आन आमी सोलापूरच्या दवाखान्यात पोचलो.

लेकरू मेलेलंच जन्मलं.

डॉक्टरीणबाईनं मला इचारलं, "हालचाल कधीपासून नव्हती?" म्या म्हणलं, "सकाळपास्नं." ती म्हणाली, "नाळ गळ्याभोवती गुंडाळली होती. ते सकाळीच गेलं होतं, बाई. लवकर आला असतात तरी काही झालं नसतं." नर्सनं मला तोंड दाखवलं, फडक्यात गुंडाळलं आन बाहेर ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी फडकं उघडलं न्हाय. एकटे गेले, पुरून आले.

गाडी परत नेऊन लावली आन चावी आण्णासाहेबांच्या टेबलावर ठेवली. ते बिचारे म्हणाले, "आता बूट आणतो रे, कोंडिबा." ह्यांनी नको म्हणून मान हलवली. त्या दिवसापास्नं गोदामात खताची पोती उचलली, पण गाडीला हात लावला न्हाय. रोगणाचं मडकं अंगणात फोडलं.

म्या किती डाव सांगितलं, "आवो, ते सकाळीच गेलं होतं." ते म्हणायचे, "माझं मन राखतीस तू." असा राग यायचा मला! समदं पाप एकट्यानंच उचललं, आन दुःखबी एकट्यानंच. लेकरू माझंबी होतं की! पण घरात रडायची सोयच न्हवती, म्या रडले की त्यांना वाटायचं म्या त्यांच्यावरच रडते.

पुढं मुक्ता मोठी झाली, लगीन आमच्या दारातच लावलं आन तिला सोलापुरात दिली. तिला मुलगा झाला म्हणून आमी यष्टीनं निघालो. इतकी वर्षं हे त्या घाटानं गेले न्हवते. दुसरं वळण आलं. त्यांनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला.

"हितंच थांबलो होतो," म्हणाले.

"ते सकाळीच गेलं होतं," म्या म्हणलं. "म्या आई हाय त्याची. मला कळंना व्हय?"

या डावाला त्यांनी दांड्यावरचा हात सोडला. वळण मागं गेलं, गाडी खाली उतरली. खिडकीकडं बघत त्यांनी इचारलं, "सारजा, पोरगा होता का पोरगी?"

चौदा वर्षांत कुणी मला हे इचारलं न्हवतं.

"पोरगी," म्या म्हणलं. "कान तुमच्यावानी होते."