नोंद सोबत जाते का?

मी इस्पितळांच्या सॉफ्टवेअरची मदतीची पानं लिहिते. कुठलं बटण दाबलं की काय होतं, एवढंच त्यात असतं, आणि ते कोणी वाचत नाही असं आमच्या ऑफिसात सगळ्यांचं ठाम मत आहे. पान बाहेर जाण्याआधी प्रोग्रॅम बनवणाऱ्यांकडून ते तपासून घेणं हेही माझंच काम. मिनतवाऱ्या करणं म्हणा हवं तर. सकाळी पाठवलेलं पान चहा संपायच्या आत परत येतं, वर अंगठ्याचं चित्र. वाचलंय कोणी? देव जाणे.

मागे एका पानाने माझी झोप उडवली होती. एकाच रुग्णाची चुकून दोन खाती झाली तर ती कशी जोडायची, याचं ते पान. गोव्यात डिचोलीच्या ज्या इस्पितळात हे सॉफ्टवेअर चालतं, तिथे माझ्या बाबांचीच दोन खाती आहेत. एकात आडनाव पोर्तुगीज वळणाचं, दुसऱ्यात आत्ताच्या स्पेलिंगचं. जुन्या खात्यात लाल अक्षरांत पेनिसिलिनची ॲलर्जी नोंदवलेली आहे. ती नोंद आईने करून घेतली होती. आई, आमच्या बोलीत आवस, आता नाही. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि खाती जोडायला इस्पितळ माझ्याच पानासाठी खोळंबलं होतं.

जोडल्यावर ॲलर्जीची नोंद नव्या खात्यात जाते का, हे मी तो भाग बनवणाऱ्या सहकाऱ्याला फोनवर विचारलं होतं. तो डिचोलीचा, घरी कोकणी. मी पेडण्याची, आमची बोली मालवणीकडे झुकलेली. घाईत मी घरच्यासारखंच विचारलं, नोंद पण जाता मां? तो म्हणाला, जाता, जाता. मी लिहून टाकलं: नोंद सोबत जाते.

त्या पानावरही सगळ्यांचे अंगठे आले. अंगठ्यांवर बाबांना सोडायचं? शेवटी मी सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं. पातळभाजी आणि उंडे, आमच्याकडचे गोल पाव, मागवले, नाहीतर कोणी फिरकलं नसतं. मी एकेक वाक्य मोठ्याने वाचायचं आणि ज्याचा भाग त्याने ते चाचणीच्या संगणकावर करून दाखवायचं, असं ठरवलं. सगळे उंडा मोडत मोबाईल बघत होते. मला राग येत होता आणि रागापेक्षा भीती जास्त वाटत होती.

ते वाक्य आलं. सहकाऱ्याने एक खोटा रुग्ण घेतला, त्याची खाती जोडली. ॲलर्जीची जागा कोरी.

"हें कोणें सांगलें तुका?" त्याने विचारलं.

"तूच. जाता म्हणालास."

"हांवें म्हळें, जोडपाक जाता."

त्याच्या कोकणीत 'जाता' म्हणजे होतं, जमतं. जायला ते 'वता' म्हणतात. नोंद म्हणजे खातंच असं धरून, ते जोडायला जमतं का, असंच मी विचारतेय असं त्याला वाटलं होतं. कोणीतरी हसलं. पान मी तिथेच थांबवलं, आणि दुरुस्ती होईपर्यंत खाती जोडू नका असं इस्पितळाला कळवून वर फोनही केला.

तरी चैन नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी बाबांना घेऊन जाताना आम्ही खनिजाच्या ट्रकांमागे अडकलो. कोणी उत्साहाने खाती जोडून टाकली असतील तर, हे एकच डोक्यात. काउंटरवर पोचल्या पोचल्या मी बाबांचं जुनं खातं उघडायला लावलं. लाल अक्षरं जागेवर होती. मी खुर्चीत अंग टाकलं.

मग नर्स आली. तिने पडद्याकडे न बघता बाबांनाच विचारलं, "काका, तुमकां वखदाची ॲलर्जी आसा?"

"नाय," बाबा ठासून म्हणाले. "कसलीच नाय."

पेनिसिलिन, असं मी इतक्या मोठ्याने म्हणाले की रांगेतल्या लोकांनी वळून बघितलं. त्या एका वाक्यासाठी मी अख्खं ऑफिस बसवलं होतं, आणि ज्याच्या अंगात ते औषध जायचं त्या माणसाशी एक शब्द बोलले नव्हते. बाबा हळू आवाजात म्हणाले, "ता तुझी आवस सांगी."