तिखट कानाची मुलगी

पहिल्या दिवशी ती आमच्या खोलीत शिरली ती दार न वाजवता. मी कपडे बदलत होते. किंचाळून टॉवेल ओढला आणि म्हटलं, "दार वाजवायची पद्धत नाही का गं तुमच्याकडे?"

"नाही," ती म्हणाली. जणू मी तिचं नाव विचारलं होतं, इतकं सरळ.

वसतिगृहातली दुसऱ्या मजल्यावरची खोली. तीन खाटा, एक खिडकी, एक टेबल आणि त्यावर हक्क सांगणाऱ्या आम्ही तिघी. एक मी. मला झोप फार प्रिय, हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या सगळ्या तक्रारी त्यातूनच निघाल्या. दुसरी वकील. शिकत होती रसायनशास्त्र, पण पंखा कितीवर ठेवायचा यावरही तासभर वाद घालायची. आणि तिसरी ही. आठवडाभरात अख्खा मजला तिला 'बातम्या' म्हणायला लागला.

कारण तिला सगळं ऐकू यायचं आणि ऐकलेलं सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. "खाली कुणीतरी आलंय." "टाकीत पाणी चढतंय." "कोपऱ्यातल्या खोलीत फोन वाजतोय, कुणी उचलत नाहीये." कुणी विचारलेलं नसायचं. दुपारी माझा जरा डोळा लागावा, तर जिन्यात बादली आपटायची आणि ही ताडकन उठायची. दारापर्यंत जायची, बघायची, येऊन सांगायची, टेकायची, की पुन्हा काहीतरी वाजायचं. पायाला भिंगरी तिच्या, आणि झोपेचं खोबरं माझ्या.

आणखीही तऱ्हा होत्या. हाक मारायची नाही, लाईट बंद-चालू करायची. आपण वर बघितलं की मगच बोलायची. मान खाली असेल तर समोर नुसती उभी. ताटं-वाट्या अशा आदळायची की शेजारच्या मुली डोकावून जायच्या. एवढी तिखट कानाची, पण स्वतःच्या आवाजाचं तिला काही नाही. अंघोळीला आधी बादली भरायची, नळ बंद करायची, मग अंघोळ. "पाणी चालू असलं की बाकीचं ऐकू येत नाही," म्हणे. म्हणजे अंघोळीतही ड्युटी! बॅग तिने रिकामी केलीच नाही. लागेल तो कपडा काढायचा आणि चेन लावून टाकायची. चपला खाटेशी, टोकं दाराकडे.

मी म्हटलं, भोचक आहे. वकील म्हणाली, घर सुटत नाहीये, महिन्याभरात पळेल. मी ते हसण्यावारी नेलं.

एका चाचणीच्या आदल्या संध्याकाळी वकील पाठांतर करत होती आणि खोलीतला लाईट सातव्यांदा गेला-आला. वकीलने पुस्तक आपटलं. "तोंडाने हाक मार ना! आम्ही काय बहिऱ्या आहोत?"

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "माझे आई-बाबा."

वकीलने पुस्तक मिटून ठेवलं.

मग हिने सांगितलं. वडील सुतार, आई वेताच्या खुर्च्या विणते. दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. चार वर्षांची असल्यापासून घराचे कान म्हणजे ही. दारात गिऱ्हाईक आलं, कुकरची तिसरी शिट्टी झाली, नळाला पाणी आलं, सगळं हिने पळत जाऊन हातांच्या खुणांनी सांगायचं. त्या घरात दार वाजवून उपयोग काय, आणि ताट आपटलं म्हणून रागावणार कोण? ही नऊ वर्षांची असताना बाबा करवतीच्या मशीनवर वाकले होते आणि मागे भिंतीला टेकवलेल्या फळ्या सरकायला लागल्या. ओरडून फायदा नव्हता. हिने पायातली चप्पल काढून नेम धरून त्यांच्या पाठीत मारली. ते चिडून तिच्याकडे धावले आणि फळ्या मागे कोसळल्या.

"आता मी इथे," ती म्हणाली. "चप्पल कोण मारणार?"

एरवी हसलो असतो. त्या दिवशी कुणाला हसू आलं नाही. तिने उशीखालून एक कागद काढला. प्रवेश रद्द करायचा फॉर्म. सोमवार शेवटचा दिवस होता. त्यानंतर कागदपत्रं परत मिळणार नव्हती. तिची सही झालेली, पालकांची बाकी. सही आणायला ती शनिवारी घरी जाणार होती.

"तू जा हिच्याबरोबर," वकीलने मला फर्मावलं. "माझं जर्नल राहिलंय." शनिवार म्हणजे माझा झोपेचा वार. तरी गेले. का, ते नीट सांगता येणार नाही.

अडीच तासांच्या प्रवासात जागा मिळूनही ती निम्मा वेळ उभीच होती. उतरल्यावर मला धावत गाठावं लागलं. पुढे कारखाना, मागे घर. ती थेट आत शिरली. मी मात्र सवयीने चौकटीवरचं बटण दाबलं.

आत लाल बल्ब लागला. मशीनवर वाकलेल्या काकांनी मान वर केली, मशीन बंद केलं आणि हसले. ती दोन पावलांवर थिजली होती.

ती गेल्यावर बसवलेलं ते बटण तिने कधी पाहिलेलं नव्हतं. मशीनसमोर टांगलेला आरसाही तिला नवा होता, त्यात मागच्या फळ्या शेवटच्या टोकापर्यंत दिसत होत्या. काकूंनी माझा हात धरून एकेक दाखवलं. स्वयंपाकघरातला दुसरा बल्ब, खिशात थरथरणारा फोन, दारावरची पाटी: 'ऐकू येत नाही. लिहून द्या.' खाली दोरीला बांधलेली पेन्सिल. काकूंचा चेहरा फुलला होता. लेकीचा पडत चालला होता.

तिने फॉर्म काकांपुढे ठेवला आणि तिचे हात भराभरा चालू लागले. मला खुणा कळत नव्हत्या, पण भांडण आहे एवढं कळलं. काकांनी फॉर्म वाचला. तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळले, भिंतीवरून हात आडवा फिरवला आणि तळवे लांब करून विचारलं, तिच्या खाटेजवळची भिंत केवढी? मी हातांनीच दाखवली. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर फळीचं चित्र काढायला बसले. लांबी, रुंदी, खिळे कुठे. एक माप खोडलं, पुन्हा लिहिलं. पेन्सिल इतकी दाबून चालवली की पलीकडची सहीची जागा फाटली. आमच्याकडे कागदाची कोरी बाजू मापांसाठीच असते, असं ती नंतर म्हणाली. चुकून की मुद्दाम, हे तिला अजून कळलेलं नाही.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून राहिली. मग एकदम म्हणाली, "एक बल्ब. चौदा वर्षं मी जे केलं ते एका बल्बला जमतं." आणि रडायला लागली.

मला समजूत काढता येत नाही. मी म्हटलं, "बल्बला चप्पल मारता येते का?"

"आरसा आहे ना," ती म्हणाली, आणि आणखीच रडली. मला फार वाईट वाटलं.

सोमवारी ऑफिसात नवा फॉर्म मिळत होता, पालकांची सही नंतर आणली तरी चालेल म्हणाले. ती दोनदा दारापर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा खिडकी बंद झाली होती. म्हणजे ती राहिली ती ठरवून नाही, तळ्यात-मळ्यात करता करता वेळ टळली म्हणून. आणि जाणं टळलं म्हणून राहणं जमलं असंही नाही. तो आठवडा सगळ्यात वाईट. आवाज झाला की उठायची, दारापर्यंत जायची आणि सांगायचं कुणाला ते न सुचून तिथेच उभी राहायची. शेजारच्या मुली विचारायला लागल्या, बातम्या बंद का? मला खोली खायला उठली. एवढी शांतता मीच मागितली होती, आणि आता ती सोसवत नव्हती.

रविवारी बसने फळी आली, गोणपाटात गुंडाळलेली. उंचीवरून वकीलने यथासांग वाद घातला. मी दोन खिळे ठोकले आणि एक अंगठा. बॅग रिकामी झाली, कपडे फळीवर गेले. जेवून तिघी आडव्या झालो, आणि जिन्यात बादली आपटली. ती ताडकन उठली. पाय चपलांत.

"पड तू," मी म्हटलं. तिने वर बघितलं नाही. मग मी उठले आणि लाईट बंद-चालू केला. तिने मान वर केली.

"पड," मी म्हटलं. "मी ऐकतेय."

"तू? तुझा तर लगेच डोळा लागतो."

"नाही लागत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आडवी झाली आणि पहिल्यांदाच दाराकडे पाठ केली. दहा मिनिटांत घोरायला लागली, तेही चांगलं मोठ्याने.

चारला चहाची घंटा झाली. ती हलली नाही. मी खाली जाऊन तिचा कप घेऊन आले आणि त्यावर बशी झाकली. कोपऱ्यातल्या खोलीत फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. मी वकीलला तसं सांगितलं.

"तुला कुणी विचारलं?" वकील म्हणाली.

कुणीच नाही. पण माझी दुपारची झोप त्या दिवसापासून गेली ती गेलीच.